दोन दारांच्या मधे

४ मार्च

आज तिसऱ्या स्थानकावर मी स्वतः फटीत उभा राहिलो, आणि तीन कंपन्यांच्या मते तिथे कुणीच नव्हतं.

नीट लिहून ठेवतो, नाहीतर वर्षाने मलाच कळायचं नाही. आपल्या नव्या भुयारी रेल्वेच्या गाड्या एका कंपनीने बनवल्या, फलाटाच्या कडेची काचेची दारं दुसरीने, सिग्नल तिसरीने. तिघी तीन गावच्या. तिघींनी आपापल्या घरी काम केलं आणि आपापल्या घरीच तपासलं. गाडीवाल्यांनी तर कारखान्यात एक नकली फलाट उभा करून त्याच्याशी आपल्या गाडीची सोयरीक जमवली होती. मी खूप हसलो होतो. आता सगळं एकत्र आणून बसवल्यावर ते एकमेकांशी नांदतं का, हे बघणं माझं काम. आमची ही लोकांना सांगते, "हे दुसऱ्यांच्या चुका काढतात आणि वर पगार घेतात. घरी फुकट काढतात."

तिसऱ्या स्थानकावरून देखभालीची रुंद गाडीही जाते, म्हणून तिथे काचेची दारं जरा मागे सरकवून बसवली आहेत. त्यामुळे गाडीचं दार आणि काचेचं दार यांच्यामध्ये अंग चोरून एक माणूस मावतो. मी मावलो. पाठीमागे गाडीचं दार लागलं, समोर काचेचं लागलं, मला कुणाचाच धक्का लागला नाही. अडथळा नाही, म्हणून दोघांनी सिग्नलला 'बंद' असं कळवलं आणि सिग्नल हिरवा झाला. गाडीची वीज तोडलेली होती, म्हणून आज हे लिहितो आहे. काचेपलीकडे दारवाला, म्हणजे दारांच्या कंपनीचा इंजिनिअर, उभा होता. आधी तो हसत होता. मग धावत जाऊन त्याने दार उघडलं.

बाहेर आल्यावर बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने फलाटावरच खाली बसलो. नाडी सुटलेली नव्हती. हे कुणाला सांगितलं नाही.

६ मार्च

बैठक. गाडीवाला म्हणाला, आमची जबाबदारी गाडीच्या पत्र्यापर्यंत. दारवाला म्हणाला, आमची काचेपर्यंत. सिग्नलवाल्या बाई म्हणाल्या, आम्ही या दोघांच्या शब्दावर चालतो, करारच तसा आहे. तिघांची प्रमाणपत्रं टेबलावर होती आणि तिन्ही खरी होती. मी विचारलं, मग मधल्या माणसाचं काय? दोन्ही घरचा पाहुणा उपाशी तो हा असा. कुणी हसलं नाही.

फटीवर लक्ष ठेवणारा सेन्सर बसवता येतो. पण तो बसवायचा तर गाडी, दार आणि सिग्नल या तिघांची जोडणी नव्याने करावी लागणार आणि सगळी पडताळणी पहिल्यापासून. उद्घाटन पुढच्या महिन्यात. बैठक उठल्यावर साहेबांनी मला थांबवून घेतलं. आवाज लोण्यासारखा मऊ. "अडचण तुम्ही शोधलीत, आता वाटही तुम्हीच शोधा. तुमच्याइतकं हे दुसऱ्या कुणाला कळतं?"

खरं आहे. नाही कळत.

११ मार्च

वाट सापडली. आंघोळ करताना सुचली आणि ओल्या डोक्याने कागदावर काढली.

फटीच्या एका टोकाला दिव्याची उभी पट्टी लावायची, जमिनीपासून माणसाच्या डोक्यापर्यंत. दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा करायचा. मधे कुणी नसेल तर त्याला पट्टी पूर्ण दिसेल, कुणी असेल तर झाकली जाईल. पट्टी पूर्ण दिसली की त्याने बटण दाबायचं, त्याशिवाय हिरवा सिग्नल नाही. सिग्नलवाल्या बाईंकडे एक मोकळी तार होतीच. तिघांपैकी कुणाच्याही यंत्राला हात लावायला नको. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

हिला दाखवलं. म्हणाली, "म्हणजे शेवटी माणूसच उभा करायचा. मग एवढी यंत्रं कशाला आणलीत?" हिला तांत्रिक गोष्टी समजावून सांगणं अवघड जातं.

१५ मार्च

दिवसभर चाचणी. फलाट मधे आणि रूळ दोन्हीकडे अशी तिथली रचना आहे. पलीकडच्या बाजूची दारं अजून बसायची आहेत, पण ती याच दारांची जुळी भावंडं, त्यामुळे त्यांची वेगळी चाचणी नको असं ठरलं.

टोकाला मी उभा राहिलो. दारवाला फटीत शिरत होता; कधी उभा, कधी वाकून, कधी पिशवी घेऊन, कधी शिरतच नव्हता. मी एकदाही चुकलो नाही. शेवटी त्याला चेव आला आणि तो फटीत चक्क आडवा झाला, तेही मी पकडलं. स्थानक रिकामं होतं आणि इतकं शांत की माझाच श्वास मला ऐकू येत होता. अशा जागी काम करायला फार बरं वाटतं.

२१ मार्च

अहवाल दिला. कळीचं वाक्य असं: 'गाडी सुटण्यापूर्वी फट मोकळी असल्याची खात्री फलाट-सहायक करेल.' सकाळपासून घासूनपुसून लखलखीत केलं होतं. साहेबांनी ते बैठकीत मोठ्याने वाचलं आणि गाडीवाला, दारवाला, सिग्नलवाल्या बाई, तिघांचेही चेहरे एकदम उजळले. वर्षभर ज्यांचं एका गोष्टीवर जमलं नाही त्यांचं माझ्या वाक्यावर एकमत झालं. गाडीवाल्याने स्वतः उठून मला चहा आणून दिला. इतक्या वर्षांत पडताळणीवाल्याला कुणी चहा दिल्याचं मला आठवत नाही.

३ एप्रिल

फलाट-सहायकांची भरती झाली आणि त्यात आमची ठकी निवडली गेली. ठकी म्हणजे ताईची मुलगी. भावजी गेल्यापासून ताईने तिला एकटीने वाढवली, शिकवली, आणि शिकून ती घरी बसली होती. मी कुठेही शब्द टाकला नाही, हे ताईला दोनदा सांगावं लागलं. ठकी स्वतःच्या गुणांवर लागली. बातमी घेऊन धावत आली आणि दारातूनच म्हणाली, "मामा, मला तुमच्या वाक्यातली नोकरी मिळाली."

तिला लगेच बोळात उभी करून शिकवलं. आधी बघ, मग दाब. कितीही घाई असली तरी आधी बघ. ठकीने मान डोलावली. पोरगी भारी प्रामाणिक, लहानपणी खेळात राज्य आलं तर डोळे खरंच मिटायची.

२२ एप्रिल

मार्ग सुरू झाला. मुद्दाम तिसऱ्या स्थानकावर गेलो. ठकी टोकाला उभी होती आणि पलीकडच्या बाजूला तिच्यासारखीच दुसरी मुलगी. मी हात केला तर ठकीने बघितलंही नाही, तिचं लक्ष दिव्यावर. दिव्याची पट्टी, तिचा मान तिरकी करून बघण्याचा ढंग, मग बटण, मग हिरवा. सगळं मी लिहिलं तसं. डोळे भरून आले. गर्दीत कुणाला दिसले नसावेत.

१२ मे

ठकी जेवायला आली होती. मार्ग चालवण्याचं काम आता चौथ्याच एका कंपनीकडे आहे, त्यांचा आमच्या तिघांशी काही संबंध नाही. त्यांनी पलीकडच्या बाजूची मुलगी काढून दुसऱ्या स्थानकावर पाठवली. आता दोन्ही बाजू ठकीच बघते. दोन्हीकडे गाड्या एकदम आल्या की गंमतच होते म्हणाली.

मी तिला पद्धत घालून दिली: आधी इकडची फट, मग तिकडची, मग पुन्हा इकडची, मग बटण. चमचे मांडून करून दाखवलं. तिने मुकाट्याने ऐकून घेतलं. ही मधेच म्हणाली, "माणसाला डोळे पुढेच असतात." मी म्हटलं, ते मला माहीत आहे.

२ जून

ठकी वाळली आहे. बटण दाबायला उशीर झाला की नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर तिच्या नावापुढे लाल खूण पडते, आणि खुणा जास्त झाल्या की बोलावणं येतं. शिवाय गणवेश दिसला की लोक तिलाच विचारतात, बाहेर कुठून जायचं, अमुक गाडी कुठली. तिने मला विचारलं, "मामा, नीट बघायला किती वेळ लागायला हवा?" मी म्हटलं, जितका लागतो तितका. हे उत्तर मला स्वतःलाच आवडलं.

ती गेल्यावर ही म्हणाली, कुणाशी तरी बोला. मी समजावलं की मार्ग चालवणं हे चालवणाऱ्यांचं काम आहे, माझी जबाबदारी अहवालापर्यंत. उंटावरून शेळ्या हाकायची मला सवय नाही. हिने ताटं उचलली. भांडी मात्र जरा जोरात आपटली.

१९ जून

तिसऱ्या स्थानकावर एक बाई गेल्या. पाळणाघरात मुलं सांभाळायच्या, कामावरून घरी निघाल्या होत्या. गाडीत शिरता शिरता दार लागलं, म्हणून मागे वळल्या, तोवर काचेचंही लागलं. दोन्ही दारांनी 'बंद' कळवलं. बटण दाबलं गेलं.

ठकीची पाळी होती. पुढे लिहवत नाही.

२० जून

ताईकडे गेलो. हीही बरोबर होती. ठकी भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. रडत नव्हती. तिने सगळं आपणहून सांगितलं. दोन्ही गाड्या एकदम आल्या. तिने इकडची फट बघितली, मोकळी होती. मग वळून तिकडची बघितली, तीही मोकळी होती. तेवढ्यात एका गृहस्थांनी बाहेरचा रस्ता विचारला, तिने हाताने दाखवला, आणि उशीर झाला म्हणून दोन्ही बटणं दाबली.

"आणि इकडे पुन्हा बघितलंस?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. हिने माझा दंड इतका घट्ट धरला की अजून दुखतो आहे. ताई उठून आत गेली. तो प्रश्न मी विचारायला नको होता, निदान आज तरी. पण पद्धत तीच होती, मी घालून दिलेली.

२७ जून

चौकशी समितीपुढे माझी साक्ष झाली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश बाई आहेत, मोजकं बोलतात. गाडी, दारं, सिग्नल, सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे काम केलं हे आधीच सिद्ध झालं होतं. मग माझ्या अहवालातलं वाक्य वाचून दाखवलं. हे वाक्य तुमचं? हो. यात काही संदिग्ध आहे का? मी म्हटलं, नाही, स्पष्ट आहे. याची चाचणी झाली होती? झाली, आणि यशस्वी झाली. विचारलं तेवढंच सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. बाहेर साहेबांनी पाठीवर हात ठेवला, "छान बोललात."

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही गॅसपाशी उभी होती, वळली. "स्पष्ट आहे म्हणालात?"

"आहेच."

"मग ते स्पष्ट वाक्य न पाळणारं कोण ठरलं आज?"

मी हातपाय धुवायला वळलो. ही गॅस बंद करून आतल्या खोलीत गेली. आम्ही जेवलो नाही.

२९ जून

वकिलाला विचारून आलो. निष्काळजीपणामुळे मृत्यू. खटला उभा राहिला तर ठकीला तुरुंग होऊ शकतो, आणि समितीचा कल तिकडेच आहे. आमच्या तिघांची यंत्रं निर्दोष, चालवणारी कंपनी म्हणते की अहवालात सहायक नेमायला सांगितलं होतं, आम्ही नेमला. तो एकाच बाजूला हवा किंवा त्याला दुसरं काम नको, असं कुठे लिहिलं होतं? कुठेच नव्हतं. मला ते लिहायची गरजच वाटली नाही.

चाचणीच्या दिवशी मी कुणाची परीक्षा घेतली? एका रिकाम्या स्थानकात, एकाच बाजूला उभ्या असलेल्या, ज्याला कुणी रस्ता विचारत नाही, उशिराबद्दल कुणी रागावत नाही अशा माणसाची. तो माणूस मीच होतो. तसा माणूस त्या फलाटावर नंतर एक दिवसही उभा राहिला नाही. गाडीवाल्यांनी नकली फलाट उभा केला म्हणून मी हसलो होतो. मी नकली ठकी उभी केली, आणि तिला पूर्ण गुण देऊन मोकळा झालो.

हे हिला सांगितलं. म्हणाली, "ती मे महिन्यात सांगत होती. तुम्ही चमचे मांडत होतात."

साक्ष बदलायची. दुसरा मार्ग नाही.

३० जून

सकाळी साहेबांकडे गेलो, त्यांना आधी कळवणं बरं म्हणून. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, हे वरातीमागून घोडं आहे. चाचणी अपुरी म्हटलंत की मार्गाचं प्रमाणपत्रच गेलं, गाड्या बंद, आणि गुन्हा तुमच्यावर. मुलगी तरुण आहे, पहिलीच चूक, न्यायाधीश दया दाखवतील. तुम्हाला या वयात कोण दाखवणार? "एक दिवस विचार करा," म्हणाले.

मी भित्रा माणूस आहे. आजवर दुसऱ्यांना निडरपणे चुका दाखवल्या, त्याला धैर्य लागत नाही. समितीचं कार्यालय वाटेतच होतं. दोन फेऱ्या मारल्या आणि घरी आलो. हिने विचारलं, जाऊन आलात? मी म्हटलं, उद्या.

१ जुलै

ताप आल्यासारखं वाटत होतं. मोजला तर नव्हता. उद्या नक्की.

२ जुलै

गेलो. अध्यक्ष बाईंनी आत घेतलं. उभ्यानेच सांगितलं, नाहीतर बसल्यावर सुचलं नसतं. चाचणी अपुरी होती. दोन बाजू एका माणसाला सांभाळणं जमण्यासारखं नव्हतं, मला नाही, कुणालाच नाही. ही अट मी घालायला हवी होती आणि घातली नाही.

"म्हणजे वाक्य स्पष्ट नव्हतं?"

"नव्हतं."

त्यांनी सगळं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, माझी सही घेतली. मग चष्मा काढून म्हणाल्या की ही तांत्रिक बाब झाली, ती वेगळ्या समितीकडे जाईल. त्यांच्यापुढचा प्रश्न बटण कुणी आणि कसं दाबलं एवढाच होता, आणि तो निकालात निघाला. संबंधित मुलीने काल दोष लेखी मान्य केला आहे.

काल. मी ताप मोजत होतो तेव्हा.

तिथून थेट ताईकडे गेलो. ताईने दार उघडलं, ये म्हणाली नाही. ठकी आत वाळलेले कपडे घड्या घालत बसली होती. मी विचारलं, ठके, सही का केलीस? निदान मला विचारायचं.

"त्यांनी तुमची साक्ष वाचून दाखवली मामा," ती म्हणाली. "वाक्य स्पष्ट आहे, चाचणी केलेली आहे. तुम्ही असं म्हणालात म्हणजे ते बरोबरच असणार. मग माझंच चुकलं ना? आणखी काय सांगणार होते मी?"

मी सांगितलं की ती साक्ष मी आज मागे घेतली. चूक माझी होती, ते लिहून देऊन आलो. ती सही रद्द करता येईल, वकिलाशी बोलतो, धीर सोडू नकोस. बरंच बोललो. ठकी ऐकत होती आणि एकेक कपडा घडी करून ठेवत होती. आई बाजूला उभी आहे हेही तिला जाणवत नसावं.

मग तिने विचारलं, "त्या बाईंच्या घरच्यांना आता कोण सांगणार? त्यांना वाटतंय मी मारलं. तुम्ही जाल?"

"ते दुसऱ्या समितीचं काम आहे," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. ठकीने हातातला टॉवेल खाली ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं, जसं त्या पट्टीकडे बघायची तसं, मान थोडी तिरकी करून. मी उठून उभा राहिलो, जातो म्हणालो, पत्ता विचारला. पत्ता तिला पाठ होता.

ताई म्हणाली, "आता जा."